हातांमधलं अंतर

मित्लाच्या चौकात तीनचाकीतून उतरलो.
लाल टप, फटफट ओळखीची,
वाळूजच्या कारखान्यातून समुद्र ओलांडून आलेली असावी.
मी विचारलं नाही, चालकानं सांगितलं नाही.
सुट्टे पेसो मोजत तो म्हणाला,
मेलेल्यांचं घर सरळ पुढे, मेस्कालचं दुकान डावीकडे.

निवडुंगाचं कुंपण, एकेक दांडा पुरुषभर उंच.
त्यामागे लाल घुमटांचं चर्च,
आणि चर्चच्या भिंतीत, खालच्या अंगाला,
दुसऱ्याच कुणाच्या घराचे दगड.
फार लांब वाहून न्यावे लागले नाहीत.
देव बदलला. गवंडी बहुतेक तेच.

एर्मेलिंदा अंगण झाडत होती.
इथे म्हणे पुरोहितांखेरीज कुणाचं पाऊल पडायचं नाही.
तिचं पडतं. रोज. रबरी चपलेसकट.
फाटक दहाला उघडतं, झाडू सातला.
मित्ला हे दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव, ती म्हणाली,
आमच्या बोलीत ल्योबा. विसाव्याची जागा.

चौकटीवर मिश्तेकांनी रंगवलेले राजे
आता पुसट, लाल, अर्धे.
भिंतीवर चेहरा नाही, फूल नाही, पशू नाही.
पायरी, वळण, पायरी, पुन्हा वळण,
हजारो दगड एकमेकांना खेटून बसलेले,
मध्ये चुन्याचा कणही नाही.
भूकंपात हलतात दुधाच्या दातांसारखे,
मग आपापल्या जागी बसतात.
सिमेंटची शाळा आम्ही दोनदा बांधली.

थडग्यात वाकूनच उतरावं लागतं.
क्रूस या देशात येण्याआधीच
क्रुसाच्या आकाराचं खणलेलं.
तिथे खांब. एकटा. अख्खं छत डोक्यावर घेऊन.

पूर्वी त्याला मिठी मारायची,
डोळे मिटून, गाल दगडाला लावून.
पलीकडे दोन हातांच्या मध्ये
जेवढी जागा उरेल, ती कुणीतरी मोजायचं.
एक बोट, एक वर्ष.

लहानग्यांचं आयुष्य मोठं निघायचं, हात आखूड म्हणून.
ढेरपोट्यांचंही.
एर्मेलिंदाचा मामा एवढ्यासाठी चापून तामाले खायचा.
आई तिची किडकिडीत, लांब हातांची.
चार बोटं निघाली.
घरी येऊन आईनं पेटीतली नवी शाल काढली,
मक्याची उधारी फेडली,
शेजारणीशी धरलेला अबोला सोडला,
आणि मग एकतीस वर्षं जगली.
शाल विरली. अबोला पुन्हा धरला.

फिदेन्सिओ, तिचा मुलगा, सतराव्या वर्षी ताडमाड.
त्यानं खांबाला कवेत घेतलं
तर बोटं बोटांना भिडली,
वर एकेक पेर एकावर एक चढलं.
तो हसला, आई, मी तर कधीच मेलोय.
तीही हसली. मोजणाराही.
दुसऱ्या महिन्यात सरहद्द ओलांडून गेला.
कुठल्याशा शहरात घरांवर छपरं घालतो,
रविवारी फोन करतो, कधी करत नाही.
चौदा वर्षं, ती म्हणाली,
आणि बोटं मुठीत मिटून घेतली.

आता खांबाला हात लावायला बंदी.
पाटी आहे, दोरी आहे.
माणसांच्या मिठीनं दगड झिजतो, असा अहवाल आहे.
छातीच्या उंचीवर तो खरंच गुळगुळीत झालाय,
रांजणाच्या काठासारखा.
दोरीपाशी मी उभा. हात खिशात.
खांबाचा घेर नजरेनं घेत होतो,
आणि तिला ते कळत होतं.

वाकूनच वर आलो. ऊन एकदम अंगावर.
ती झाडू उचलून उरलेल्या कोपऱ्याकडे वळली,
तेव्हा दिसली
तिच्या डाव्या गालावर
करडी, बारीक, दगडाची धूळ.
मी काही बोललो नाही.