मोजणी

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी अच्युत सदरा काढून
न्हाणीघरातल्या ट्यूबलाइटखाली बसतो,
पाठमोरा, प्लास्टिकच्या स्टुलावर,
आणि मी चष्मा पुसते.

सोहारच्या बंदरामागच्या वाळूत सत्तावीस वर्षं
हा माणूस दुसऱ्यांच्या जमिनी मोजतो आहे.
तिपाई, दुर्बीण, लांबवर प्रिझम धरून उभा गुलजमान,
आणि वर ते ऊन, ज्याला आमच्या बार्शीच्या भाषेत शब्द नाही.
रखरख म्हणून पाहिलं. पुरलं नाही.
चारचौघांचे पिकतात अनुभवाने,
याचे केस खरंच उन्हाने पांढरे झाले.

मी लग्न होऊन आले तेव्हा म्हणायचा,
क्रीमबीम ही गोऱ्यांची थेरं,
आपली कातडी मडक्यासारखी, भाजूनच आलेली.
मी हसायचे. ऊन मीही टाळायची, पण वेगळ्या भीतीने:
सासूबाई फोनवर आधी तेच विचारत,
रंग उतरला का गं तिकडे?

मग डर्मटच्या नाकाचा शेंडा कापला मस्कतला.
आयर्लंडचा, यांचा साहेब.
कानामागची कातडी काढून नाकावर लावली.
कानामागून आली नि नाकावर बसली, असं मी म्हटलं;
कुणी हसलं नाही.
त्याने अच्युतला रुंद काठाची हॅट दिली
आणि कामगारांच्या कंटेनरवर कागद चिकटवला:
बाह्या खाली.
उन्हाळ्यात दुपारी साडेबारानंतर काम बंदच असतं,
पण सकाळी अकराच्या उन्हाला हा कायदा कोण वाचून दाखवणार?

तेव्हापासून पहाटे दारात क्रीम, कानांच्या पाळ्यांनासुद्धा.
तेव्हापासून ही पाठ.
एकोणीस तीळ, मला तोंडपाठ.
मानेखाली तीन, चुलीच्या दगडांसारखे.
खांद्यावर एक चामखीळ, निरुपद्रवी, उद्धट.
कमरेशी जन्माची लांस;
तिची कड वेडीवाकडी झाली का, रंगाचे दोन रंग झाले का,
मोहरी वाटाण्याकडे सरकते आहे का.
वहीत लिहिते, सातवी ब ची हजेरी घेते तशी.
तो विचारतो, "हद्द हलली?"
"खुणा जागच्या जागी."

यंदा मार्चमध्ये डॉक्टर बुथैनांकडे
त्याची वर्षाची तपासणी. मी पर्स सांभाळायला.
त्याचं आटोपल्यावर त्या म्हणाल्या, आणि तुम्ही?
मी वर्गात असते, म्हटलं, ऊन मला भेटतच नाही.
चपला काढा, म्हणाल्या.
आपलं गव्हाळ मनगट माझ्या मनगटाशेजारी धरून म्हणाल्या,
आपल्यासारख्यांना हे ऊन न गेलेल्या जागीही होतं.
तळव्याला. नखाखाली.

एकोणपन्नास वर्षं या पायांवर उभी आहे
आणि उजव्या टाचेच्या आतल्या अंगाला
सांडलेल्या शाईएवढा डाग
कधीपासून आहे, सांगता येईना.
मेंदी असेल, म्हटलं.
त्यांनी भिंग टेकवलं
आणि बराच वेळ फक्त एसी बोलत राहिला.

तुकडा तपासायला गेला. अकरा दिवस.
टाच न टेकवता मी वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवलं.
अच्युतने रोज भात लावला, रोज पाणी जास्त.
वरवरचं आहे, म्हणाल्या बाई, आणखी थोडं कापू, पुरेल.
वेळेत आलात.
मी आले नव्हते. मी त्याच्याबरोबर गेले होते.

आता पाठ झाली की स्टूल माझं.
तो गुडघ्यांवर बसतो, गुडघे कुरकुरतात,
व्रणाशेजारी पंचवीस बैसांचं नाणं ठेवून फोटो काढतो,
मापाला काहीतरी हवं म्हणून.
सप्तपदीत अंगठा धरला होता, त्यानंतर थेट आता
हे पाय त्याच्या हातात.
टॉर्च दातांत धरून बोटांच्या बेचक्या उघडतो.
"जोडवी काढ."
साबण लावून काढते.
खाली फिकट कडं, चोवीस वर्षं उजेड न पाहिलेलं.
तिथेही तो वाकून बघतो.