मोजणी

मुडदुशी हे नाव मीच ठेवलं.
लांबट, रुपेरी पोटाची, हातात न राहणारी.
आचऱ्याच्या बर्फ कारखान्यात माझी रात्रपाळी असताना
एका ट्रॉलरवरून उतरली ती परत चढलीच नाही.

आश्विन तापू लागला तशी ती खाजवू लागली.
आधी कान, मग शेपटीचं मूळ,
मग रात्रभर मागचा पाय जमिनीवर ठक ठक ठक,
जसं कोणी दार वाजवतंय
आणि उठून बघावं तर कुणी नाही.

समुद्रावर नेली. लाटेत तीनदा बुडवली.
बाहेर येऊन तिने अंग झाडलं :
समुद्र माझ्या अंगावर, पिसवा तिच्या.
कडुलिंबाचा पाला उकळून, गार करून चोळला,
दोन दिवस बरे गेले.
करंजेल लावलं ते तिने चाटलं आणि ओकली.
बाबल्या तारी म्हणाला, गुरांचं गोचिडाचं औषध मार थोडं,
माझ्या म्हशीला चालतं.
बाटलीचं बूच उघडलं, वास घेतला, परत लावलं.

रात्री ताटलीत साबणाचं पाणी ठेवून वर बॅटरी लटकवली.
सकाळी सतरा पिसवा तळाशी.
एलईडीवाले भर समुद्रात करतात
ते मी माझ्या पडवीत केलं,
आणि त्यांच्यासारखाच पकडला गेलो नाही.

दवाखान्यातल्या काझी डॉक्टरणीने, वयाने माझ्या मुलीएवढ्या,
पहिलं विचारलं, वजन किती?
जेटीवरच्या काट्यावर उभी केली. अकरा किलो चारशे.
शेजारच्या टोपलीत सुरमई.
लिलाववाला म्हणाला, हिचा भाव बोला.
भाव ठरला : महिन्याला औषधाची एक नळी.

"मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मधे,
केस बाजूला करून थेट कातडीवर.
जिथे तिची जीभ पोचत नाही तिथे."
मग पेन खाली ठेवून,
"अंगावर दिसतात त्या थोड्याच. बाकीच्या घरात आहेत,
अंडी, अळ्या, भेगांत, पोत्यांत.
ही झोपते कुठे?"
पडवीत.
"आणि?"
सोडणांच्या ढिगावर.
"आणि?"

हे तिसरं सांगायचं म्हणजे
अकरा वर्षांची फाईल उघडायची.
माझ्या आणि इंदुमती मेथरच्या मधे जांभ्याचा गडगा,
तो दीड हात माझ्यात की तिच्यात
हे मालवणच्या कोर्टाला अजून कळायचंय.
मोजणीवाले दोनदा आले, दोनदा साखळी ओढून गेले.
मुडदुशी रोज दुपारी पडक्या चिऱ्यावरून पलीकडे जाते,
तिच्या ओटीवर झोपते, तिच्या हातची पेज खाते.
पिसवांनी सातबारा पाहिलेला नाही.

संध्याकाळी गडग्यापाशी उभा राहिलो.
अकरा वर्षांतलं माझं पहिलं वाक्य गोधड्यांविषयी होतं,
की त्या उकळत्या पाण्यात घालाव्या.
ती बराच वेळ बघत राहिली.
"माझो हंडो मोठो आसा," म्हणाली.

तिने ओटीच्या भेगा बुजवल्या, मी सोडणं पेटवली.
धुतलेलं सगळं, तिचं आणि माझं,
गडग्यावरच वाळत पडलं. उन्हाला तीच जागा.

मग रोज दिवेलागणीआधी
ती तिच्या चिऱ्यावर, मी माझ्या, मधल्या खिंडारात कुत्री.
उवांची फणी तिची, साबणाच्या पाण्याचा टोप माझा.
ती आकडा सांगायची, मी लिहायचो,
बर्फाच्या लाद्यांचा हिशेब होता त्याच वहीत.
बावीस. नऊ. दहा. चार.
एका संध्याकाळी, "आज नाय."

दुसऱ्या दिवशी बोलायला काही नव्हतं.
तरी ती फणी घेऊन आली.
मीही टोप भरून ठेवलेला.
पाठ विंचरली, पोट विंचरलं, पुन्हा पाठ,
मुडदुशीला झोप लागली.
शेवटी म्हणाली, "एक खूण गावली."

डॉक्टरणीनेच शिकवलेलं : काळा कण ओल्या फडक्यावर ठेवायचा,
तांबडा पसरला तर पिसूचा, नाहीतर माती.
तिने ठेवला.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो,
अंधार पडून फडकं दिसेनासं होईपर्यंत.

तांबडं काही झालं नाही.
मी वहीत लिहिलं, एक.