चतुःसीमा

पूर्वेस खाडी. तिच्यात गंजत सोडलेली जहाजं,
ज्यांच्या मालकांचे पत्ते आता कुणाच्याच दप्तरात नाहीत.
पश्चिमेस सरहद्द: जिभेसारख्या चिंचोळ्या भूशिराची
कुणीतरी उभी चीर काढून ठेवलेली,
खाडीची बाजू आमची, महासागराची त्यांची.
दक्षिणेस उथळ पाणी, बोय मासा, थंडीत येणारे पक्षी.
उत्तरेस रूळ.
येणेप्रमाणे चतुःसीमा.

नुआदिबूच्या कचेरीत चौदा वर्षं मी हेच लिहितो आहे.
साहेब म्हणाले, यंदा एकच पान.
भूगोल, लोक, अर्थव्यवस्था, सगळं एका पानात बसव.
बसवतो.

पाऊस: नगण्य.
वाऱ्याला रकाना नाही.
तो बारा महिने येतो, न बोलावता,
भाताच्या परातीत सगळ्यांच्या आधी हात घालतो,
आणि दाताखाली वाळू ठेवून जातो.

गाडी: वाळवंटातून लोखंडाची माती आणते,
जवळजवळ कोसभर लांब,
इंजिन बंदराशी आलं तरी शेवटचा डबा
अजून वाळूतच कण्हत असतो.
मग रिकामी परतते.
रिकामी हा सरकारी शब्द.
शेळ्या असतात तिच्यात, पाण्याचे कॅन, सुकी मासळी,
एकदा तर एक नवरी पाहिली मी डब्यात उभी,
कोऱ्या मेलहफावर लोखंडाची धूळ
आणि कडेला धरलेले मेंदीचे हात.

तूतू मिन्त अबेद, वय अंदाजे साठ,
बोय चिरते, वाळवते, तेल काढते.
तिचा आजा पाण्यावर काठी आपटायचा
आणि डॉल्फिन मासळी हाकत जाळ्यापर्यंत आणायचे.
आता?
"आता बोलावलं तर येतातच असं नाही.
त्यांनाही दुसरी कामं लागली असतील."
मी लिहिलं: मत्स्यप्रक्रिया, लघु.
लघु म्हणजे काय, तिनं विचारलं.
म्हटलं, कमी.
तिनं दोन्ही तळवे माझ्या कागदावर उलटे करून ठेवले.
खवले उठले. ते पान मला पुन्हा लिहावं लागलं.

निर्यात: लोहखनिज, मासळीची पूड, ऑक्टोपस.
ऑक्टोपस आम्ही खात नाही. तो जपानला जातो.
त्याला पकडायला आमिष लागत नाही,
प्लास्टिकचं एक मडकं, तळाशी सिमेंट, झाकण नाही.
घर मिळालं असं समजून तो आत शिरतो
आणि वर ओढलं तरी घर सोडत नाही.

ते सिमेंट ओतायचा सूमाइला, कायीसकडचा,
दिवसाला दोनशे मडकी.
ओलं असतानाच तळ अंगठ्यानं दाबून बघायचा.
मार्चमध्ये रहिवासाचा दाखला मागायला आला होता.
पत्ता? बर्फाच्या कारखान्यामागे, दार नसलेली खोली.
वास्तव्याचा हेतू?
हसला. "तुम्हीच लिहा काहीतरी."
मी रोजगार लिहिलं.
त्याची नजर खिडकीतून वायव्येला होती, जिथं काहीच दिसत नाही,
फार दूर बेटं आहेत म्हणतात.

ऑगस्टमध्ये खाट शेजाऱ्याला देऊन गेला.
होडीत किती होते, कुणी सांगत नाही.
पोचले का, तेही नाही.

साहेबांनी विचारलं, लोकसंख्येचा आकडा पक्का?
म्हटलं, मोजला त्या दिवशी पक्का.
एक माणूस वजा करायला कोणता कागद जोडायचा
हे नियमांत सापडलं नाही.
शोधलं होतं मी. दोन दिवस.

खाडीच्या तळाशी, दोरीला ओळीनं बांधलेल्या
शेकडो मडक्यांत त्याचा अंगठा आहे.
आमच्याकडच्या दाखल्यावरही आहे,
जरा पुसट.

पान भरलं.
खाली दोन बोटं जागा उरली आहे,
ती शिक्क्याची.