फांदीपाशी उरतात चार

रात्रीचे दोन. गजर व्हायच्या आतच मला जाग येते.
थंड पाणी, कच्चं कॉर्नफ्लोअर, चमचा.
शिजवायचं नाही, कोमट पाणीसुद्धा नको.
शिजलेलं पटकन पचतं,
आणि आम्हाला तर पहाटेपर्यंत पुरवायचं असतं.

सुन्नेवा झोपेतच पेला धरते.
शेवटचा घोट खडूसारखा, तो ती दर रात्री ठेवायला बघते.
दर रात्री मी पेला परत ओठांना लावते.

तोर्शाव्हनला डॉक्टर रान्नवानं
बोटीच्या तिकिटामागे झाड काढून दाखवलं होतं.
साखरेचे दाणे एकापुढे एक, मग फांदी,
फांदीला पुन्हा फांदी.
ग्लायकोजेन म्हणतात याला.
जेवण झालं की यकृत हे झाड वाढवतं,
उपाशी वेळी तेच खुडून खातं.
वाढवणारी विकरं हिची धडधाकट आहेत.
खुडणारंही एक आहे, टोकापासून दाणा दाणा काढत येतं
आणि फांदा फुटतो तिथून चार दाण्यांवर
थबकतं.
पुढचं काम दुसऱ्याचं:
तीन दाणे उचलून शेजारच्या डहाळीला लावायचे,
उरलेला एक काढून घ्यायचा, वाट मोकळी करायची.
ते दुसरं माझ्या लेकीकडे नाही.

म्हणजे पोटात रान माजलेलं
आणि रक्तात साखरेचा दुष्काळ.

ब्रांडुर खिडकीशी उभा होता.
बराच वेळ तिकीट बघत राहिला, मग म्हणाला,
"पण आमच्याकडे झाडंच नाहीत."

खरंच नाहीत. वारा उभं राहू देत नाही,
जे उगवतं ते मेंढ्या कोंबातच संपवतात.
राजधानीत भिंत घालून जपलेली एक राई आहे,
तिथे शाळेची सहल जाते.

एक बिघडलेली प्रत त्याच्याकडून, एक माझ्याकडून.
पणज्यांच्याही कितीतरी आधी कुणी होडीतून आलं असेल,
सोबत मेंढ्या, सातूचं बियाणं,
आणि हे.
दोष कुणाला द्यायचा?
त्या उन्हाळ्यातल्या नाचात, साखळीत त्याचा हात हातात होता
आणि मला दुसरं कुणी दिसलंच नाही.

दवाखान्याच्या बाकावर एका जुन्या मासिकात वाचलं:
साधं पानसुद्धा दिवसभर स्टार्च बांधतं,
रात्री ते मोडून जगतं,
आणि मोडण्याचा वेग असा धरतं
की उजाडता उजाडता कोठी रिकामी व्हावी.
आधी नाही. नंतरही नाही.
शिल्लक किती, भागिले अंधार किती.
जो भागाकार पानाला कुणी शिकवत नाही
तो मी ओट्यावर वजनकाटा घेऊन करते,
बोटं मोजत, कधी चुकत.
डिसेंबरात आमची रात्र एकोणीस तासांची.

मका मी शेतात उभा कधी पाहिला नाही.
पुड्यावर पिवळं कणीस छापलंय, तेवढीच ओळख.
कुठल्याशा दूरच्या दुपारी कुणी बांधलेला तो दाणा
आता तिच्या आतड्यात सावकाश सुटतोय.
ती विकरं शाबूत आहेत तिची.
तेवढ्यावर आमची सकाळ होते.

गेल्या खेपेला पोटावर गार जेल लावून
रान्नवा पडद्याकडे बघत होती.
सुन्नेवानं विचारलं, "अजून झाड आहे?"
"आहे. दाट आहे."
"मग एक मेंढी सोडा ना आत."
मला वाटलं, हसेल. ती हसली नाही.
"कुठली सोडू?"
"आमची काळी. ती काही म्हणजे काही ठेवत नाही."
रान्नवानं कागदावर काहीतरी लिहिलं.
काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

दोन वाजून वीस. बोटाला सुई.
चार पूर्णांक एक. पुरेसं आहे.
पेल्याच्या तळाशी पांढरा थर बसलाय,
लगेच विसळला नाही तर दगड होतो.
विसळते.
बाहेर, भिंतीपलीकडे, अंधारात
एक मेंढी माणसासारखी खोकते.
पुढचा गजर सहाचा.