सुटे

मी वाट पाहिली नाही, हे आधी सांगते.
मी तिकिटं फाडली.
तरीवरची ही खिडकी, आत एक स्टूल,
खाऱ्या हवेनं फुगलेलं रजिस्टर,
आणि फळीखाली बारा कादंबऱ्या,
कुणी कुणी होडीत विसरलेल्या.
बहुतेकांची शेवटची पानं नाहीत.
(मागच्या तांडेलानं त्यांत सुके बांगडे बांधून नेले.
त्याला मी अजून माफ केलेलं नाही.)

या कादंबऱ्यांत माणूस एका रात्रीत बदलतो.
पान एकशे ऐंशीवर धावत येतो,
छातीवर हात ठेवून दीड पान बोलतो,
आणि ती, जिनं एवढं सोसलं,
ती लगेच रडते.
तिथं मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
थांब जरा, बाई.

मोतीराम धावत आला नाही.
सकाळच्या दुसऱ्या फेरीला आला, रेक्झिनची पिशवी घेऊन,
केस विरळ,
डावी करंगळी कुठल्या ट्रॉलरच्या विंचमध्ये राहिलेली.
म्हणाला, "एक."
मी म्हटलं, "दहा. सुटे द्या."
एकोणीस वर्षांनंतर आमचं बोलणं
ते एवढं.

पूर्वी त्याचा एकच शब्द होता. उद्या.
उद्या तुझ्या बापाशी बोलतो,
उद्यापासून बाटलीला हात लावणार नाही,
उद्या, देवाशप्पथ.
मग एका सकाळी तो खाडीपार गेला
आणि मी दुसऱ्याशी लग्न केलं.
चांगला माणूस होता. सात वर्षं होता.
मुलगी रत्नागिरीत नर्सिंगला आहे,
नाक त्याचं, हट्ट माझा.

आता मोतीराम तरीवर दोर टाकतो
आणि हातात असेल तेवढंच बोलतो.
"आज भांग आसा, पाणी कमी. साडेचारची फेरी पाचाक."
आणि ती पाचाला असते.
चौदा महिने मी घड्याळ बघतेय.
एकदाच सव्वापाच झाले,
तर होडीचा पंखा तुटला हे सांगायला
गुडघाभर चिखलातून चालत आला.

संध्याकाळी बरणी आणतो,
बेकरीतून, चर्चच्या पेटीतून, रवळनाथाच्या गुरवाकडून
नोटा मोडून आणलेली नाणी.
खिडकीला सुटे लागतात, कारण एवढंच.
नाण्यांना कधी पावाचा वास, कधी मेणाचा, कधी कापराचा.
मी मोजते. तो उभा राहतो
पलीकडच्या सुरूंकडे बघत.

परवा दोन रुपये जास्त निघाले.
"हे जास्तीचे."
"तुझेच ते," म्हणाला.
"त्या दिवशी बिनतिकीट गेललंय.
तेव्हा दोनच व्हते."

रजिस्टरात याला रकाना नाही.
आमच्या तरीवर परतीचं तिकीट मिळत नाही;
गेलात तर गेलात,
यायचं तर तिकडून नवं काढा, पूर्ण दरानं.
या नियमासाठी मी सरपंचाशीही भांडलेय.
ते नाणं मी गल्ल्यात टाकलं नाही,
परतही केलं नाही.
शिक्क्याच्या पॅडखाली आहे. निळं झालंय.

काल शेवटची फेरी बांधून
खिडकीशी घुटमळला.
"शिरवाळे केलंय आज. रस पण.
खाऊक येतलंस?"

दोनदा मोजलेले पैसे मी तिसऱ्यांदा मोजले.
मग म्हटलं, "उद्या."

तो हसला नाही.
त्या शब्दाचं वजन
त्याच्याइतकं या गावात कुणाला माहीत आहे?
दोर खांद्यावर सारखा करत म्हणाला,
"किती वाजता? ताजे करूक व्हये."

"सात," मी म्हटलं.

आज, तुम्हाला म्हणून सांगते,
पावणेसातलाच खिडकी लावली.
कुलूप नेहमीसारखं अडलं. खाऱ्या हवेत अडतंच.
तेल घातलं, दम धरला,
पुन्हा फिरवलं.