मागच्या पायरीवर सात मिनिटं

पहिला आठवडा गोळी आणि सिगरेट, दोन्ही चालतात.
तशीच रीत आहे म्हणे. आधी एकीनं घर करायचं,
मग आठव्या दिवशी दुसरीनं निघायचं.
रेजाँनं कॅलेंडरवर त्या तारखेला काही लिहिलं नाही,
नुसता पेनचा ठिपका ठेवला,
खाणीत सुरुंगाची जागा खुणावतात तसा.

जेवल्यावर, पेलाभर पाण्यासोबत.
रिकाम्या पोटी घेऊन त्यानं एकदाच पाहिली,
सडबरीच्या बस स्टॉपवरचा बर्फ साक्षीला आहे.

आणि स्वप्नं.
उभा जन्म जमिनीखाली निकेल फोडलेला माणूस,
त्याला कधी स्वप्नं पडायची नाहीत.
आता पहाटे चारला मला उठवून कबुली देतो:
कोलेत, मी ओढली. अख्खं पाकीट.
तुझ्या आईच्या दफनाला,
पाद्रीनंच काडी पेटवून दिली.
मी म्हणते, झोप. स्वप्नातल्या धरत नाहीत.
तरी तो बोटं हुंगून बघतो.

मार्चपर्यंत शर्टाची बटणं कुरकुरायला लागली.
आधी टोस्ट,
मग टोस्टवर मेपलचा पाक,
मग टोस्टशिवाय पाक.
नऊ किलो.
वजनकाट्याकडे तो
उसने मागायला आलेल्या मेहुण्याकडे बघावं तसा बघायचा.
डॉक्टर वायाँकूर म्हणाली, फुप्फुसं तरीही फायद्यात आहेत,
पण साखर चढतेय.
तर आता दर शुक्रवारी पोटात सुई.
इंजेक्शनचं पेन फ्रीजमध्ये, लोण्याशेजारी.
लोणी हल्ली महिनाभर पुरतं.

तलफ मेली, भूक मेली.
अर्ध्या ताटावरून तो उठतो,
जरा गोंधळून,
इथं कशाला आलो होतो ते विसरल्यासारखा.

खोटं कशाला बोलू, मला राग आला.
एकतीस वर्षं तो मागच्या पायरीवर ओढायला जायचा,
मी शाल गुंडाळून सोबत,
धूर येणार नाही त्या बाजूला.
सात मिनिटं.
नोएलचा तुरुंग, माझ्या छातीतली गाठ, घराचे थकलेले हप्ते
सगळं तिथंच बोललो.
घरात कधीच नाही.
त्या सात मिनिटांच्या बदली काय घ्यायचं
ते चिठ्ठीवर कुणी लिहिलं नाही.

काल रात्री उणे सव्वीस.
मीच कोट चढवला, दार उघडलं.
"कुठं?"
"ओढायला," म्हटलं. जन्मात न ओढलेली मी.
आला मागोमाग.
हात कुठं ठेवावेत कळेना,
शेवटी माझ्याच खिशात घातले.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला,
मंगळवारी नोएलचा फोन आला होता.
तुला सांगायचं राहून गेलं.