खरी नक्कल

जुनं यंत्र गेलं ते चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात.
शेवटच्या पानावर एक काळा पट्टा ओढला
आणि गुणोनं चार थापा मारल्या तरी
पुन्हा ऊं की चूं केलं नाही.
डिचोलीत खाणीची तांबडी धूळ कोणाला सोडते?
आमच्या छातीला नाही सोडलं,
त्याच्या रोलरला कशी सोडेल.

मळीक वकील म्हणाले, बाय, तूच बघ काय ते,
मला फक्त सही कुठे करायची दाखव.

मी वहीत लिहायला घेतलं:
दिवसाला पानं सव्वाशे, सोमवारी दोनशे.
काच लीगल कागदाएवढी लांब हवी.
रंग नको.
मग आठवले सर्व्हेचे नकाशे, त्यातली लाल हद्द,
ज्या रेघेवरून सख्खे भाऊ बोलत नाहीत.
तरीही रंग नको.
नकाशा करून घ्या बाहेरून.
शाई सुकणारी नको, पावसात कागद नाही तर पापड होतो.
दुरुस्तीला माणूस पणजीहून त्याच दिवशी.
ह्या ओळीखाली दोन रेघा.

रॉयस्टन व्हॅनमधून दोन यंत्रं घेऊन आला.
तिघांनी जिन्यावरून चढवली, जिना कुरकुरला.
पहिल्यातून त्यानं एक पोपट काढून दाखवला,
हिरवागार, चोच अशी की बोलेल.
मळीक चष्मा वर करून म्हणाले,
छान आहे. पण पोपटाचा दावा
आपल्याकडे अजून आलेला नाही.

तेवढ्यात मुळगावची द्वारका गावस
काजूच्या डब्यात, लुगड्याच्या चिंधीत
गुंडाळलेला एक कागद घेऊन दारात.
एकेचाळीस सालचा, पोर्तुगीज अक्षरं,
घडीवर फाटलेला, कसरीनं चाळणी केलेला.
रॉयस्टन तो वरच्या फटीत सरकवणार
तोच मी त्याचं मनगट धरलं.
हा कागद ओढून घ्यायचा नसतो रे,
ठेवायचा असतो.

काचेवर ठेवला.
आता बघा मॅडम, म्हणाला, डाग सगळे आपोआप जातात.
आणि खरंच गेले.
पिवळेपणा गेला, चिंचेचा ओघळ गेला,
पान धुतल्यासारखं बाहेर आलं, कोमट.
द्वारकाबायनं ते खिडकीकडे धरलं.
खाली उजव्या कोपऱ्यात बोट फिरवलं,
पुन्हा फिरवलं.
आज्याचो आंगठो खंय?

मूळ कागदावर होता तो,
फिकट, हळदीच्या हाताचा वाटावा असा.
धाकू गावसला सही येत नव्हती.
त्या घराखालची जमीन त्याची,
असं सांगणारं त्या पानात
त्याचं स्वतःचं तेवढंच.
यंत्राला तो डाग वाटला.

ते बंद करता येतं की, रॉयस्टन घाईनं म्हणाला.
आणि झोपून उठलं की?
परत चालू होतं, पण एक बटण दाबलं की...
सोमवारी अकरा वाजता
जिन्यापर्यंत माणसं उभी असतात, मी म्हटलं,
तेव्हा ते बटण कोण लक्षात ठेवील?
गुणो पंख्याकडे बघू लागला.

दुसरं यंत्र ठोकळ्यासारखं,
मिनिटाला सतराच पानं, आवाज पिठाच्या चक्कीचा.
पण त्यानं सगळं आणलं,
घडी, ओघळ, कसरीच्या भोकांचे काळे ठिपके,
आणि कोपऱ्यात करडा, अर्धवट,
रेघारेघांचा अंगठा.
भोंकांय आयलीं गो, द्वारकाबाय म्हणाली
आणि डब्याचं झाकण लावलं.
चाचणीचे पैसे नसतात म्हटलं तरी
पाचाचं नाणं टेबलावर ठेवून गेली.

मी नकलेवर शिक्का मारला. खरी नक्कल.
पंधरा वर्षं मारते आहे,
त्या दोन शब्दांचं आपसात कसं जमतं
हे कधी विचारलं नव्हतं.

मग भाव. स्टॅबिलायझर त्यातच घाला,
टोनरचे दोन डबे फुकट,
जुनं यंत्र खाली तुम्हीच न्यायचं.
रॉयस्टन हसला, हिशेब करायला कागद मागितला.
गुणोनं पोपट उलटा करून
त्याच्या पाठीचा कोरा पांढरा कागद पुढे केला.